पुंगळी काढली म्हणून गाडी पळत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : रोजच्या रस्त्यावर आणि ड्रॅग (सरळ रेषेतील कमी अंतराच्या) शर्यतीत एकच मोटारसायकल वापरू पाहणाऱ्या तरुणांनी इंजिनात करावयाचे बदल

जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात. ती कारवाई योग्यच आहे, कारण रात्री अकरा वाजता रुग्णालयासमोरून पुंगळी (सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी) काढलेली गाडी नेणाऱ्याची बाजू कोणीही घेऊ शकत नाही. परंतु ज्या मुलांचे ते सायलेन्सर असतात त्यांतील अनेकांना आवाजापेक्षा वेग हवा असतो आणि चुकीच्या ठिकाणी पैसे घातल्यामुळे त्यांच्या पदरी केवळ आवाज पडलेला असतो, ही बाजू बातमीत कधी येत नाही. मी गेली तीस वर्षे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोअर करण्याचे (आतून घासून रुंद करण्याचे) आणि हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, मिल करण्याचे (घासून कमी करण्याचे) काम करतो. अशी मुले आठवड्यातून दोन-तीन तरी माझ्या दुकानाची पायरी चढतात, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

गेल्या वर्षी एक विद्यार्थी आपल्या यामाहा आरएक्स 100 चा पिस्टन रुमालात बांधून घेऊन आला. पिस्टनची एक्झॉस्ट बाजूची कड वाळवीने लाकूड खावे तशी खाल्ली गेली होती, रिंग खाचेतच चिकटून बसली होती आणि डोक्यावर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मोहरीएवढे मणी जमले होते. त्याने हेडमधून 1 मिलिमीटर धातू काढून घेतला होता, वर नवे चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) बसवले होते, मात्र कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) मूळचाच ठेवला होता. कोल्हापुरात गाडी बरी चालली. ती टेम्पोत घालून किनारपट्टीवरच्या एका ट्रॅकवर सरावासाठी नेली आणि तिसऱ्या फेरीत पिस्टन गेला.

हे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची चाल) 50 मिलिमीटर, म्हणजे आकारमान 98 सीसी. एवढ्या बोअरवर हेड 1 मिलिमीटर घासले की ज्वलनकक्षाच्या जेमतेम दहा-बारा सीसीच्या पोकळीतून जवळजवळ 2 सीसी जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबले जाते म्हणजे कॉम्प्रेशन वाढते, आणि हा फरक फार मोठा आहे. त्यातच कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने किनाऱ्यावरची हवा इथल्यापेक्षा सुमारे 5 टक्के दाट असते. कार्बोरेटरला हवेचे वजन कळत नाही, त्यामुळे इथे जेमतेम पुरणारा जेट तिथे कमी पडतो आणि मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. वाढलेले कॉम्प्रेशन, लीन मिश्रण आणि पूर्ण उघडलेला थ्रॉटल एकत्र आल्यावर पिस्टन वाचणे कठीणच होते. त्या मुलाने पैसे कमी खर्च केले नव्हते. जेटचे शंभर-दोनशे रुपये आणि मिश्रण ओळखण्यासाठी प्लगचा रंग पाहण्याची पाच मिनिटे मात्र त्याने वाचवली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, “काका, पॉवर किती वाढेल?” मी त्याला उलट विचारतो, कितव्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) वाढायला हवी? शहरात गाडी बहुतेक वेळ 3,000 ते 5,000 आरपीएममध्ये चालते. ड्रॅग शर्यतीत, म्हणजे पाव मैलाच्या 402 मीटर अंतरात, गिअर बदलताना फेरे साधारण चौथाईने खाली येतात असे धरले, तर 10,000 ला गिअर टाकणारे इंजिन 7,500 वर येऊन पुन्हा वर चढते. संपूर्ण शर्यत या 2,500 फेऱ्यांच्या पट्ट्यात होते आणि तेवढ्या पट्ट्यात सरासरी ताकद किती मिळते यावरच वेळ ठरते. कागदावर टोकाला दोन अश्वशक्ती जास्त दिसतात, पण खाली 7,500 ला इंजिन गुदमरते, अशी गाडी प्रत्येक गिअरमध्ये मागे पडते. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅम बसवल्यावर नेमके असेच होऊ शकते, कारण असा कॅम सगळी ताकद वरच्या फेऱ्यांकडे ढकलतो. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याचे भोक) वर घासल्यावर आणि अरुंद पट्ट्यासाठी बनवलेले चेंबर लावल्यावरही तोच परिणाम दिसतो. रस्त्यावर तर अशी गाडी सिग्नलवरून नीट उचलतही नाही.

म्हणूनच एकाच गाडीने दोन्ही कामे करायची असतील तर खर्चाची सुरुवात इंजिनाच्या आतून करू नये, असे माझे ठाम मत आहे, मग त्यात माझ्या धंद्याचे नुकसान झाले तरी चालेल. आधी इंजिन कंपनीने दिले त्या स्थितीत आहे का ते पाहावे. कॉम्प्रेशन गेज लावावा, टॅपेटचे अंतर मोजावे, इनटेकच्या रबरी बूटला चीर नाही ना ते तपासावे, चाक उचलून हाताने फिरवावे आणि ब्रेक घासत नसल्याची खात्री करावी. माझ्याकडे ‘ट्यूनिंग’साठी आलेल्या कित्येक गाड्यांची हरवलेली ताकद या तपासणीतच परत मिळाली आहे.

त्यानंतर क्लच, स्प्रॉकेट आणि टायर यांचा क्रम लागतो. ड्रॅगमध्ये पहिल्या 60 फुटांत, म्हणजे सुमारे 18 मीटरमध्ये, वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो, हा या खेळातील जुना अनुभव आहे. घसरणाऱ्या क्लच प्लेट आणि कडक झालेला मागचा टायर ठेवून बोअर मारणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. स्प्रॉकेटचा हिशेब तर शाळेतल्या मुलालाही जमेल. पुढे 14 आणि मागे 39 दात असतील तर प्रमाण 2.79 येते; पुढचा एक दात कमी करून 13 केले की ते बरोबर 3 होते, आणि मागे 42 दातांचे स्प्रॉकेट लावले तरीही 3 च होते. सुमारे साडेसात टक्क्यांचा हा फरक प्रत्येक गिअरमध्ये मिळतो, त्याला खर्च थोडा लागतो आणि शर्यत झाल्यावर मूळ स्प्रॉकेट अर्ध्या तासात परत बसवता येते. पुढचे स्प्रॉकेट लहान केल्याने चेन जास्त वळते आणि लवकर झिजते, त्यामुळे जागा असेल तर मी मागचे मोठे करण्यास सांगतो.

इथवर समाधान झाले नाही तरच इंजिन उघडण्याचा विषय काढावा, आणि तोही आकडे समोर ठेवून. चाकणला तयार होणाऱ्या पल्सर एनएस 200 चा बोअर 72 आणि स्ट्रोक 49 मिलिमीटर, म्हणजे 199.5 सीसी. त्यात 1 मिलिमीटर जादा बोअर मारला तर आकारमान 205 सीसी होते, म्हणजे वाढ 3 टक्क्यांहूनही कमी. कॉम्प्रेशन 11 वरून 12 केले तर हिशेबाने दोन टक्क्यांच्या आसपास फायदा होतो, म्हणजे या गाडीवर अर्धी अश्वशक्ती. गाडी आणि चालक मिळून 230 किलो वजन असेल तर त्यातले 5 किलो कमी केल्यानेही प्रवेगात जवळपास तेवढाच फायदा मिळतो, आणि त्यासाठी इंजिनाचा एक नटही सैल करावा लागत नाही. हे गणित मी काउंटरवरच्या पाटीवर करून दाखवतो तेव्हा निम्मी मुले बोअर न मारताच परत जातात.

फेऱ्यांची मर्यादा वाढवणाऱ्या ईसीयू रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलण्याबद्दल, मात्र मला कळकळीने सांगावेसे वाटते. चाकणमध्येच बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकच्या आधीच्या पिढीतील 373 सीसी इंजिनाचा स्ट्रोक 60 मिलिमीटर आहे. 9,000 आरपीएमला त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 18 मीटर असतो. मर्यादा 11,000 केली तर तो 22 मीटर होतो. पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो 9,000 च्या तुलनेत जवळजवळ दीडपट होतो. रॉड, रॉडचे बोल्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मूळच्याच ठेवून लॅपटॉपवरून मर्यादा वाढवून देणारा माणूस त्या मुलाच्या पायांमध्ये काय ठेवतो आहे, याचा त्याने विचार करावा. शिवाय या गाडीच्या सिलिंडरला आतून निकेलचा कठीण लेप असतो. तो जुन्या बिडाच्या लायनरसारखा बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवता येत नाही, त्यामुळे चूक झाली की अख्खा सिलिंडर बदलावा लागतो.

सायलेन्सरकडे आता वळतो. फ्री फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा, सायलेन्सर हा एकटा बसवण्याचा भाग नव्हे. संथ चालीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर मिश्रण सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू कंपनीच्या ठरलेल्या नकाशाप्रमाणे पेट्रोल देतो. हवेचा प्रवाह वाढला आणि नकाशा तसाच राहिला तर नेमक्या शर्यतीच्या क्षणी इंजिन लीन चालते. पूर्ण ताकदीसाठी एक भाग पेट्रोलला साडेबारा ते तेरा भाग हवा लागते, आणि ते प्रमाण वाइडबँड सेन्सरने मोजल्याशिवाय कळत नाही, केवळ आवाज ऐकून तर नाहीच. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमुळे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणे) कमी होते हे खरे, पण त्याच्या ज्वलनाला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजेच जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत आधीचाच जेट ठेवला तर मिश्रण आपोआप लीन होते. आरएक्स 100 चे उत्पादन 1985 ते 1996 या काळात झाले. त्या गाड्यांचे जेट आणि रबरी भाग या इंधनासाठी बनलेले नव्हते, हे त्या आवडीने सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. इंजिनाला जादा ऑक्सिजन देणाऱ्या नायट्रस वायूचा विचार रस्त्यावरच्या गाडीसाठी कोणी करूच नये. त्यावर याहून अधिक लिहीत नाही.

कायद्याबद्दलही स्पष्ट लिहिणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हाही गुन्हा आहे. विमा कंपनीला न कळवलेले बदल अपघातानंतर उघड झाले तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि हे घरच्यांना तेव्हाच कळते. तेव्हा वाढवलेले सीसी, बदललेला कॅम आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी टेम्पोतूनच ट्रॅकवर न्यावी आणि टेम्पोतूनच परत आणावी. ज्याची ऐपत एकाच गाडीची आहे त्याने वर लिहिलेल्या देखभाल, क्लच, टायर आणि वजन यांवर थांबावे, आणि स्प्रॉकेट बदललेच तर ते ट्रॅकपुरते ठेवावे. त्यातही शिकण्यासारखे इतके आहे की दोन-तीन वर्षे सहज जातात.

मुलांनी जावे तरी कुठे, हा प्रश्न उरतोच. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यती होतात, आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झालेल्या आहेत. तेथे गाडीची तांत्रिक तपासणी होते, हेल्मेट आणि चामड्याचा पोशाख पाहिला जातो, रुग्णवाहिका उभी असते. मात्र सांगली-कोल्हापूरच्या मुलाला तिथवर गाडी नेण्याचा खर्चच स्प्रॉकेट आणि टायरपेक्षा जास्त येतो. तेव्हा जिल्हा प्रशासनाने वर्षातून दोन-तीन रविवारी बंदिस्त, सरळ आणि कठडे लावलेली जागा रीतसर परवानगीने उपलब्ध करून द्यावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी आपल्या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे आहे. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इंजिनाची ताकद आणि धुरातील वायू मोजण्याची साधने आहेत. गाडीची ताकद चाकावर मोजणारा डायनो जिथे आहे, किंवा जिथे तो घेता येईल, तिथे तो आठवड्यातून एक दिवस माफक शुल्कात बाहेरच्या मुलांसाठी खुला करावा. काम करण्यापूर्वीचा एक आलेख आणि नंतरचा एक आलेख हातात असला की कोणता भाग उपयोगी पडला आणि कोणत्या भागाचे पैसे वाया गेले ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि माझ्यासारख्या कारागिराच्या कामाचीही परीक्षा होईल. अशी सोय झाल्यास माझ्याकडे हेड मिल करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिकडचा आलेख घेऊन येण्यास सांगेन, आणि तो आणल्याशिवाय काम हातात घेणार नाही.

आपला विश्वासू,
एक बोअरिंग कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर