मिक्सरच्या बिलामागची यादी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा रात्री आमच्या वाडीत माडावर वीज पडली. शेजारच्यांचा टीव्ही गेला, वरच्या घरातला राऊटर काळा पडला, आणि माझा कॉम्प्युटर सकाळी बटण दाबल्यावर नेहमीसारखा सुरू झाला. त्याचं श्रेय तुमच्या अर्थिंगला द्यायला निघाले होते, पण तुम्ही लगेच टोकाल. एवढी जवळ वीज पडल्यावर अर्थिंगच्या भरवशावर बसायचं नसतं, वाचवतो तो बोर्डातून काढून ठेवलेला प्लग. तो मी काढला होता, नेटच्या वायरीसकट. ढग गडगडले की आधी प्लग, मग वाळत घातलेले कपडे, हा क्रम आता आईलाही पाठ झालाय.

तुमचं नाव लिहीत नाही. "माका नाव नको. लोक मिक्सर सोडून कॉम्प्युटर घेवन येतले," असं तुम्ही बजावलं होतं. देवगडात तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात मी आले होते तीही मिक्सरच घेऊन. २०२३चे गणपती नुकतेच झाले होते आणि खोबरं वाटून वाटून मिक्सरने मान टाकली होती. पैसे द्यायला पर्स उघडली तर घडी घातलेला कागद तुमच्या काउंटरवर पडला. तुम्ही तो उचलून दिला नाहीत, चष्मा लावून वाचलात. तेव्हा रागच आला होता. दोन वर्षं काजूच्या कारखान्यात हिशेब लिहून ७०,००० रुपये बाजूला टाकले होते आणि गेम खेळायच्या कॉम्प्युटरच्या भागांची ती यादी करायला चार महिने रात्री-रात्री व्हिडिओ बघितले होते. इंटेलचा कोअर आय सेव्हन, पाण्याने थंड होणारा कूलर, काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे, झगमगणारी रॅम. ग्राफिक्स कार्डाला उरले होते १२,०००, त्यात बसत होतं जीटीएक्स १६५०, चार जीबीचं. पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा डबा, त्याच्या पुढे लिहिलं होतं, 'कॅबिनेटसोबत फ्री'.

तुम्ही कागद परत दिलात आणि म्हणालात, "गो, ह्यात दिसता ता सगळा महाग, नि लागता ता सगळा स्वस्त."

मग प्रोसेसरवर बोट ठेवलंत. गेममध्ये चित्र कोण काढतो? मी म्हटलं, कार्ड. मग २७,००० ह्याला आणि १२,००० त्याला असं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. "इंजिन ट्रॉलराचा नि जाळा पागाचा," तुम्ही म्हणालात (पाग म्हणजे हाताने फेकायचं लहान जाळं) आणि पेन्सिल उचललीत. मिक्सरच्या बिलाच्या मागे नवी यादी सुरू झाली. ते बिल मी अजून जपून ठेवलंय. पुढच्या बाजूला 'कार्बन ब्रश, कपलर, १८०' आणि मागे माझा कॉम्प्युटर.

एक गोष्ट मला फार आवडली. "नव्यातला माका काय कळना नाय, ता तू बघ," हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. सायबर कॅफेवाल्यांसाठी मशिनं जुळवायचे दिवस जाऊन तुम्हाला पंधरा वर्षं झाली होती. कुठला प्रोसेसर कुठल्या सॉकेटात बसतो हे तुम्ही मलाच शोधायला लावलंत आणि दर शनिवारी तोंडी परीक्षा घेतलीत. पडदा केवढा? १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. मग त्यापेक्षा मोठ्या पडद्याचं कार्ड कशाला? गेम कुठले? त्यावरून खाली खाली येत मी रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० या जोडीवर येऊन थांबले. प्रोसेसर सहा कोअरचा, कूलर डब्यातच मिळणारा. कार्ड आठ जीबीचं. दोन्ही मिळून माझ्या आधीच्या आय सेव्हन आणि सोळाशेपन्नासपेक्षा सात हजारांनी स्वस्त, आणि गेममध्ये त्या जोडीच्या कितीतरी पुढे. पाण्याचा कूलर तर तुम्ही एका रेघेत उडवलात. पासष्ट वॉटच्या प्रोसेसरला कसलं आलंय पाणी!

पण या पत्राचं खरं कारण पॉवर सप्लाय आहे.

त्या दिवशी तुम्ही बाकाखालून दोन मेलेले एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायच, काढलेत आणि एकेक माझ्या हातात दिलात. एक रिकाम्या बिस्किटाच्या डब्याइतका हलका, दुसरा जड. हलका उघडून दाखवलात. आत बोर्डावर कॉइलची जागा छापलेली, गोल चिन्हासकट, आणि त्या जागी कॉइल नव्हतीच, नुसता तारेचा तुकडा सोल्डर केलेला. फिल्टरचे कॅपॅसिटर छापलेले, भोकं मोकळी. जे होते त्यातल्या दोघांची डोकी फुगून वर आलेली. आणि कोपऱ्यात एक वाळलेली पाल. ती बिचारी कंपनीने दिलेली नव्हती, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तीच येते.

मग बाहेरचं लेबल वाचायला लावलंत. मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. "गुणाकार कर." बारा सोळे एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते त्या बारा व्होल्टच्या ताटातून, आणि माझं एकटं कार्डच १३२ वॉट मागणार होतं. दिवसभर हिशेब लिहिणारी मी, आणि हा गुणाकार मला चार महिन्यांत एकदाही सुचला नव्हता. शेवटी घेतला तो ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, बारा व्होल्टवर ४५ अँपिअर. ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, माल चांगला असल्याची हमी देत नाही, हेही तुम्ही सांगितलंत, म्हणून त्या मॉडेलची आतली चिरफाड केलेली परीक्षणं वाचली आणि मगच पैसे मोजले. ४,२०० रुपये. रंगीत पंखे त्यातच गेले.

त्याच गप्पांत मी सहज बोलून गेले की घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात. तुम्ही सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलंत. रविवारी स्कूटरवरून मल्टिमीटर घेऊन थेट घरी.

कॅबिनेटचा पत्रा आणि अंगणातली ओली जमीन यांच्यात १०८ व्होल्ट निघाले. आई पांढरीफटक पडली. तुम्ही तिला चहा टाकायला सांगितलंत आणि मला समजावलंत : चांगल्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी दोन बारके कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, दोन्ही पत्र्याला जोडलेले. त्यांतून झिरपणारा करंट अर्थिंगने जमिनीत जायचा. अर्थिंगच नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट इतका थोडा की माणूस मरत नाही, नुसत्या मुंग्या येतात. म्हणजे नवा, भारी सप्लाय लावला असता तरी मुंग्या आल्याच असत्या, आणि मी दुकानदाराशी भांडायला गेले असते.

आमच्या बोर्डाला तिसरं भोक होतं, त्यात हिरवी वायरही होती. ती मीटरच्या मागे नीट गुंडाळून ठेवलेली सापडली. पुढे कुठेच जात नव्हती. ज्याने वायरिंग केलं त्याचा आईने तेव्हा उद्धार केला, मी इथे करत नाही. घर कातळावरचं. जांभ्यात हातभर पहार जात नाही, आणि गेली तरी उन्हाळ्यात तो दगड ठणठणीत कोरडा, वीज घेणार कुठून? तुम्ही घराभोवती दोन फेऱ्या मारल्यात आणि न्हाणीच्या मागे थांबलात. न्हाणीचं पाणी तिथे माडाच्या मुळाशी सोडलंय, त्यामुळे भर मेमध्येही माती ओली. खड्डा तिथे. पाच फुटांवर जांभा लागला, तोवर पुरे. जीआय पाइप उभा केला आणि भोवती थर लावले, कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. आई म्हणाली, लोणचं घालताय की काय. वायर आत आणल्यावर तुम्ही न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर धरलात : दीड व्होल्ट. मग फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब, तो लख्ख पेटला. नंतर मी पत्र्याला हात लावला. काहीच झालं नाही. काहीच न होण्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. (मिठाने पाइप खाल्ला जातो, चार-पाच वर्षांनी उकरून बघायचा, हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.)

मुंबईची खरेदी पटकन आटोपली. परळचा मामा सोबतीला, लॅमिंग्टन रोडला सकाळपासून सहा दुकानं, रात्री दादरला तुतारी एक्सप्रेस. कॅबिनेटचा खोका वरच्या बर्थवर मी मिठी मारून झोपवला आणि स्वतः बसून आले. कणकवलीला उतरून एसटी. कंडक्टरने खोक्याचं तिकीट मागितलं.

जोडणी तुमच्या मागच्या बाकावर झाली. प्रोसेसर मी बसवला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून, जोर न लावता, कारण पिना त्याच्याच पोटाला असतात आणि एक वाकली की साडेअकरा हजारांची रांगोळी. कूलरसाठी बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे आधार काढायचे होते. काढले, आणि मागची लोखंडी पट्टी खणकन खाली पडली. मला वाटलं, मोडलं. तुम्ही ती उचललीत, चिकटपट्टीने मागून धरून ठेवलीत आणि स्क्रू तिरके-समोरचे करत थोडे थोडे पिळायला सांगितलेत, जसे पंपाचं झाकण बसवताना पिळतात. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पुढच्या बटणांच्या त्या मुंगीएवढ्या वायरी तुम्ही घड्याळजीच्या चिमट्याने लावल्यात, त्या मला आजही लावता येणार नाहीत.

रॅमवरून आपलं भांडण झालं होतं तेही लिहिते. तुमचं म्हणणं आठ जीबी बस. मी सोळावर अडून बसले, आठ-आठच्या दोन. त्यात मी बरोबर होते. हार्ड डिस्कच्या बाबतीतही मीच बरोबर होते, एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांची, वेगवान डिस्क) घेतल्याचा पश्चात्ताप एक दिवस झालेला नाही. एवढे दोन गुण माझे.

पण जोडणीच्या त्याच संध्याकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, आणि पडदा काळा. दहा मिनिटं मी रॅम काढते-घालते. रडायची वेळ आली. तुम्ही दारातूनच म्हणालात, "वायर खय घातलंस ता बघ आधी." मॉनिटरची वायर मदरबोर्डात. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. ते हवं तर ५६००जी, आणि त्याची कॅश (प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी) निम्मी म्हणून तो मीच नाकारला होता, तुमच्या तोंडी परीक्षेत छाती पुढे काढून सांगितलं होतं. वायर कार्डात घातली. उजाडलं. आणखी एक कबुली देते, तेव्हा सांगितली नव्हती : १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा मॉनिटर घेऊन आठवडाभर मी ६०वरच खेळत होते. विंडोजमध्ये आकडा बदलावा लागतो. रॅमही ३२००च्या वेगाची असून २४००वर चालत होती, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, सुरू करेपर्यंत.

यूपीएसच्या वेळी मी ६०० व्हीए म्हणत होते. तुम्ही पुन्हा गुणाकार करायला लावलात, सहाशेचे वॉट साठ टक्के, म्हणजे ३६०. मशीन आणि पडदा मिळून गेममध्ये त्याच्या जवळ जाणार, आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०वर येतं. ११०० घेतला. बजेटच्या वर गेले ते चौदाशे रुपये आईने दिले, अर्थिंगवर खूश होऊन. यूपीएस खेळायला नाही, सेव्ह करून बंद करायला, हे मात्र मी पाळत नाही. पाच मिनिटं तरी खेळते.

पावसाळाही तुम्ही सांगितलात तसाच काढला. मशीन स्टुलावर, कारण जुलैत आमची लादी घामेजते. खेळायचं नसलं तरी रोज अर्धा तास चालू, आतली दमट हवा सुकायला. चादर घालायची ती थंड झाल्यावरच. पुढची जाळी दर पंधरवड्याला काढते तर तिच्यावर खारट चिकट थर असतो, बोटाने निघत नाही, ओल्या फडक्याने निघतो. हीच हवा त्या सप्लायच्या आत जाते हे आठवलं की ४,२०० रुपये थोडेच वाटतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. कोळशा-मिठाचेसुद्धा नाहीत. मेमध्ये हापूसची पेटी पाठवली तर निरोप आला की दोन आंब्यांत साका निघाला. काका, तो माझ्या हातात नाही. यंदा दुसऱ्या कलमांचे पाठवते.

दिवाळीत तुम्ही घरी आलात तेव्हा फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम लावून तुमच्या हातात कंट्रोलर दिला होता. मी म्हटलं, मेक्सिको आहे, चालवा हवी तशी गाडी. तुम्ही शर्यत सोडून दिलीत, शेतांतून, कुंपणं मोडत गाडी थेट समुद्रावर नेलीत आणि वाळूत उभी केलीत. आम्ही सगळे वाट बघतोय, आता काय. तुम्ही पडद्याजवळ वाकून लाटा बघत होता.

"हय मासे गावतत काय गो?"

अजून शोधतेय, काका. सापडले की कळवते.

तुमची,
मिक्सरवाली