रविवारी जन्मलेल्या बाळाबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट कामाचं लिहितो. गेल्या आठवड्यात माझ्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारी विषाणूची लागण, पॉझिटिव्ह. पोर अजून वर्षाचंही नाही. आईला आहे, तिच्याकडून बाळंतपणात आलं. बहुतेक वेळा हे टाळता येतं, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांनी टाळायचं होतं ते काहीच बोलले नाहीत.

बायकोची तपासणी सातव्या महिन्यात झाली होती. तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डाच्या, कोपऱ्यात इंग्रजीत नोंदही आहे. बाळाला धोका आहे, हे ना तिला कुणी सांगितलं ना मला. बाकीचं कार्ड कन्नडमध्ये. बाजारापुरतं कन्नड येतं की आम्हाला. रक्ताच्या तपासणीपुरतं येत नाही. त्याच वेळी रक्तातला विषाणू मोजून, गरज असेल तर, विषाणू दाबणारी टेनोफोविरची गोळी सुरू करता येते. 2018 पासून हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, औषध फुकट आहे. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. रंग छान आहेत.

बाळ रविवारी रात्री झालं. लस 24 तासांच्या आत द्यायची, आईला लागण असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. लसीच्या फ्रिजची किल्ली ज्या सिस्टरांकडे, त्या सोमवारी येणार म्हणे. सोमवारी सणाची सुट्टी. मंगळवारी ऐकवलं, एका बाळासाठी दहा डोसांची बाटली कशी उघडायची, बाकीची वाया जाते. साहेब, तुमच्याच नियमाप्रमाणे ही बाटली उघडल्यावर नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते! हे मी सांगतोय, दहावी शिकलेला शेतकरी. इम्युनोग्लोब्युलिनचं तर कुणी नावही काढलं नाही. शेवटी दीड महिन्यानं पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्र लसीतून जी मिळाली तीच माझ्या मुलाची पहिली लस.

मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाच जणांच्याही अंगात ती कायमची राहत नाही. जन्मताना झाली तर नव्वद जणांच्या राहते. पुढे सिरोसिस म्हणजे लिव्हर निकामी होत जाणं, नाहीतर कॅन्सर. वाचवलेले ते नऊ डोस कुणाच्या कामी आले, तेवढं तरी कळू द्या.

घरातलं काय सांगू? बायकोचं ताट वेगळं झालं. ‘हिला हे आलं कुठून’ असं तिच्या तोंडावर विचारणारे पाहुणे येऊन गेले. अंगावर पाजू नको म्हणून कुणी सांगितलं, तिनं पाजणं सोडलं. ताटातून पसरत नाही, दूध पाजायला बंदी नाही, हे सांगायला सरकारचा एक माणूस फिरकला नाही. एचआयव्हीसाठी समुपदेशक असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. औषधाशिवाय आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के, औषधानं 5 च्या आत. म्हणजे मनात आलं तर जमतं तुम्हाला. मग हिपॅटायटिसवाल्या आयांनी काय घोडं मारलंय?

तिकडं जा म्हणाल, महाराष्ट्रात. तिकडच्या सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना जाहीर केली, तर इकडं केवढा संताप! आमच्यावर हक्क दोघांचा, औषधाला कुणीच नाही. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आम्ही कोणत्या राज्याचे ते ठरेल तेव्हा ठरेल, तोवर माझ्या पोराचं लिव्हर तुमच्याच हद्दीत आहे. हिवाळ्यात तुम्ही सगळे सुवर्ण विधानसौधात येता. चार-पाचशे कोटींची इमारत म्हणतात, दहा-बारा दिवसांच्या अधिवेशनासाठी. तिच्या किल्ल्या सुट्टीच्या दिवशी कुणाकडे असतात हो?

बाळंतपणाच्या खोलीतच लस ठेवा, रात्रपाळीच्या सिस्टरला उघडायचा अधिकार द्या, रिपोर्ट आईला तिच्या भाषेत सांगा. आणि माझ्या मुलाची पुढची तपासणी कुठं, खर्च कुणाचा, ते कळवा. उत्तर कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, वाचून घेईन कुणाकडून. फक्त ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढं लिहू नका. तो विभाग मी बघून आलोय.

आपला,
जांबोटी भागातला एक बाप
ता. खानापूर, जि. बेळगाव