रिपोर्टातलं शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्या ओट्यावर येतो, बँकेचा असो की दवाखान्याचा. तसाच आक्कांचा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, रिपोर्ट माझ्या हातात आला. सात महिने उशिरा.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वय 52. शिबिर लागलं होतं, तिथं त्यांनी तपासणी करून घेतली. पाकीट हातात देताना कुणीतरी एवढंच म्हणालं, “शून्य आलंय.” आक्का खुशीत घरी आल्या. “शून्य शे ना वं, मंग काहीच नही!” पाकीट धान्याच्या कोठीमागे गेलं. मी ते काढलं तेव्हा त्याच्या पाठीवर दुधाचा हिशोब मांडलेला होता: सकाळी दीड लिटर, संध्याकाळी एक. आत इंग्रजीत लिहिलं होतं, बायरॅड्स शून्य, तपासणी अपुरी, जादा फिल्म आणि सोनोग्राफी करावी.

साहेब, बायरॅड्स ही स्तनाच्या रिपोर्टला आकडा देण्याची डॉक्टरांची पद्धत, आणि या पद्धतीत शून्याचा अर्थ ‘निर्णय झालेला नाही’ असा आहे. कधी स्तनाची घडी एकावर एक येऊन सावली पडते, कधी स्तन दाट असतो आणि फिल्मवर दाट भागही पांढरा, गाठही पांढरी. मग डॉक्टर आणखी चित्रं मागतात, जुनी फिल्म असेल तर शेजारी ठेवून बघतात. असं परत बोलावलेल्या बहुतेक बायांना कर्करोग नसतो. पण बोलावणं आलंय हे बाईला कळायला तर हवं. पाचवी शिकलेल्या आक्कांना शून्याचा एकच अर्थ माहीत आहे, तोच मी रोज पहिलीच्या पोरांना शिकवते.

आम्ही त्यांना जळगावला नेलं. साधी पाण्याची गाठ निघाली, काहीच करायला नको म्हणाले. घरी येऊन आक्का देवापुढे साखर ठेवून बसल्या. माझ्या मनातून मात्र ते सात महिने जात नाहीत. गाठ दुसऱ्या जातीची निघाली असती तर त्या दुधाच्या हिशोबाकडे मी कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असतं?

उलटंही होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा रिपोर्ट ‘तीन’ आला. घरात सगळ्यांनी धरलं, तिसरी स्टेज. पंधरा दिवस त्या घरात धड चूल पेटली नाही. नवऱ्याने तिच्या गळ्यातली पोत गहाण ठेवून मुंबई गाठली. तिथं काय सांगितलं? बहुधा साधंच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढा. हेच इथल्या कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं. बायरॅड्स तीन म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता 2 टक्क्यांहून जास्त नाही. चार आलं तर संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासायचा. पण तीही चौथी स्टेज नव्हे, त्यातल्या ‘चार-अ’मध्ये शक्यता 10 टक्क्यांच्या आतच असते. स्टेज ठरते ती कर्करोग सिद्ध झाल्यावर. हा आकडा आणि तो आकडा यांचा काही संबंध नाही, हे एका ओळीत सांगता येतं. ती ओळ मराठीत त्या कागदावर नव्हती.

आमच्या शेताचा सातबारा मराठीत येतो. वीजबिल मराठीत येतं, आणि भरायची शेवटची तारीख त्यावर ठळक असते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे. मग बाईच्या छातीचा कागदच तेवढा इंग्रजीत का, आणि परत यायची तारीख त्यावर का नसावी? डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी इंग्रजीत लिहावं, माझी हरकत नाही. वर एक मराठी पान जोडा.

त्या पानावर काय हवं ते सांगते. “तुमची तपासणी पूर्ण झालेली नाही. याचा अर्थ कर्करोग आहे असा नाही. अमुक तारखेला, अमुक खोलीत, जुन्या फिल्म घेऊन या.” आणि खाली हेही: रिपोर्ट चांगला आला तरी हाताला गाठ लागत असेल, कातडी ओढली गेली असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल तर थांबू नका, कारण मॅमोग्राफीतून काही गाठी निसटतात.

कागदही पुरणार नाही, हे मी जाणते. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर मराठीही परकी पडते, तिथं पावरी, भिली बोलणारी बाईच लागेल, आमच्याकडे अहिराणी. म्हणून पाकीट देताना कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगावं, आणि बाईकडून परत वदवून घ्यावं. आम्ही वर्गात हेच करतो. शिवाय ज्या बायांची पुढची तपासणी बाकी आहे त्यांची यादी आशाताईकडे असू द्या. तारीख उलटली की फोन, फोन लागला नाही तर दारात. या कामाचा मोबदलाही तिला मिळायला हवा. आधीच तिच्या डोक्यावर कामं कमी नाहीत.

आणि तारीख ठरवताना शेताकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला असतो, मजुरी किलोवर. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, ते चांगलंच झालं, पण एका फेरीला अख्खा दिवस बुडतो. जादा फिल्म, सोनोग्राफी, सुईची तपासणी एकाच दिवशी, एकाच इमारतीत झाली तर बाई येईल. तीन वेळा बोलावलं तर तिसऱ्या वेळी येणार नाही.

2016 पासून केंद्राच्या सूचना आहेत, तिशी उलटलेल्या बाईची स्तनतपासणी आरोग्य केंद्रात व्हावी. टाटा रुग्णालयाने 1998 पासून 20 वर्षं मुंबईतल्या सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मशीन नसतानाही एवढं होऊ शकतं. पण हाताला गाठ लागल्यावर ती बाई पुढच्या दारापर्यंत पोचली तरच. शिबिरात किती बाया तपासल्या याचा आकडा पेपरात येतो. त्यातल्या किती परत बोलावल्या आणि किती खरोखर आल्या, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी जाहीर करावा, ही माझी मुख्य मागणी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारपासून सुरुवात करा.

मराठी पानाचा मसुदा तयार झाला की छापण्याआधी आमच्या गावी पाठवा. मी समजावून सांगणार नाही. ओट्यावर आक्कांना आणि त्यांच्यासोबतच्या चार बायांना वाचायला देईन, आणि त्यांना काय कळलं ते जसंच्या तसं लिहून तुम्हाला कळवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
अमळनेर तालुका, जि. जळगाव