प्रेरणा विचारली, रंगाचं काय ते पण विचारा की

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आमच्या परभणीच्या एका चित्रकार पोराची मुलाखत आली, पोरगं म्हणजे आता चाळिशीला टेकलंय, पण माझ्यासाठी पोरगंच. अर्धं पान दिलं, बरं वाटलं, कटिंग काढून दुकानात लावलंय. पण चार वेळा वाचलं तरी हा माणूस दिवसभर करतो काय ते कळंना. सगळे प्रश्न प्रेरणेचे. दुष्काळाची प्रेरणा आहे का, मराठवाड्याच्या मातीची प्रेरणा आहे का. त्यानं पण बिचाऱ्यानं हो हो म्हणलं असणार.

मी जुना बोर्ड पेंटर. आमच्याकडं पेंटर म्हणलं की दुकानाच्या पाट्या रंगवणाराच, फ्लेक्स आल्यापासून तेही संपलं. हा आठवीत असताना सुट्टीत माझ्याकडं रंगाचे डबे धुवायला यायचा. मुलाखतीत चित्रकार एम. एफ. हुसेन साहेबांचं नाव घेतलंय, ते मीच त्याच्या डोक्यात घातलेलं, 1915 ला पंढरपुरात जन्मलेला माणूस मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत रंगवत कुठं गेला बघ, असं म्हणून कामाला लावायचो. चित्रकार सुधीर पटवर्धनांचं पण नाव आहे. ते 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, दवाखाना सांभाळून चित्रं केली, म्हणून यानं पण शाळेतली ड्रॉइंगची नोकरी सोडली नाही. हे कुठं छापलंय? नुसती नावं छापली.

आणि लेखात लिहिलंय की त्याची रेघ अजिंठ्याची आहे. असेल बाबा. पण मला ती रेघ लांबूनच ओळखू येते. आमच्या गावात निम्म्या पाट्या उर्दूत पण लागायच्या, तर उर्दूतल्या जीम अक्षराचं पोट काढायचं म्हणजे चपटा ब्रश एकाच कोनात धरायचा, मनगट वळवायचं नाही, हात खांद्यातून ओढायचा, मग रेघ आपोआप बारीक सुरू होते, पोटात जाड होते आणि परत बारीक. हे त्याला जमायला दोन सुट्ट्या गेल्या. आता त्याचं ते घागर घेऊन वाकलेल्या बाईचं चित्र बघा, तिची पाठ म्हणजे सरळ जीम आहे. त्याला म्हणलं तर हसला, म्हणला उस्ताद, कुणाला सांगू नका.

अजिंठ्याला आम्ही एसटीनं सोबतच गेलो होतो. एक नंबरच्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र बघायलेत आन हा जिथं रंग उडालाय तिथं नाक लावून उभा. आत माती दिसते, मातीत भुसा, काड्या. हे तर आपल्या माळवदाच्या भिंतीसारखंच आहे म्हणला. मातीवर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर रंग, असं काम आहे ते. घरी येऊन प्लायवर माती-भुसा लिंपला, आठ दिवसात पोपडे! तिथं मागचा दगड टाचून खडबडीत केलेला, म्हणून माती धरते, प्लाय गुळगुळीत. तवापासून मांजरपाट ताणतो, त्याला फेविकॉल आणि पांढऱ्याचे हात देतो आणि शेवटच्या हातात शेतातली चाळलेली माती टाकतो. तुमच्या वार्ताहरानं ज्याला 'मातीशी नातं' लिहिलंय ती ही माती, चहाच्या गाळणीनं चाळलेली.

राहिला स्टुडिओ. गंगाखेड रोडला पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात 42 च्या वर गेलं की अ‍ॅक्रेलिक ताटातच वाळतो, ब्रश धुवायला वळलं तेवढ्यात वर साय. म्हणून ताटात ओल्या कापडाची घडी, तिच्यावर बटर पेपर आणि त्याच्यावर रंग, तेव्हा कुठं दोन-तीन तास टिकतो. ऑइलचं उलटं, ते आठ-आठ दिवस ओलं आणि तेवढ्यात रस्त्याची सगळी धूळ त्याच्यावर, म्हणून ते त्यानं सोडलंच. पहाटे पाचला बसतो, नऊला बंद करून शाळा. चित्रं आता मोठी न होता छोटी व्हायलीत ती याच्यामुळं, चार तासात एक पट्टा पुरा व्हावा म्हणून. मुलाखतीत मात्र त्याला 'शैलीतला बदल' म्हणलंय.

पुढच्या वेळी वार्ताहराला पहाटे पाचला पाठवा, मी शेड दाखवतो. पाण्याची बाटली सोबत आणायला सांगा, पंखा आहे पण धूळ उडते म्हणून तो लावू देत नाही.

आपला वाचक,
एक जुना बोर्ड पेंटर, परभणी