121 मतं आणि ‘वोटकटवा’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात मध्य प्रदेशच्या राजकारणावर लेख आला होता तो वाचला. आमच्याकडे आता कागदाचा पेपर येत नाही, मुलाने मोबाइलवर ई-पेपर लावून दिलाय, त्यावर बोटांनी मोठं करून करून वाचतो, त्यामुळे एक लेख वाचायला अर्धा तास लागतो पण एकही शब्द सुटत नाही. आणि असाच एक शब्द डोळ्यात खुपला. भाजप-काँग्रेस सोडून जे कोणी विधानसभेला उभे राहतात त्या सगळ्यांना लेखकाने एका ओळीत ‘वोटकटवे’, म्हणजे स्वतः न जिंकता दुसऱ्याची मतं कापणारे, म्हणून निकालात काढलंय.

मी ग्वाल्हेर दक्षिणचा मतदार, शहराच्या लश्कर भागात जन्म गेला. या शब्दाबद्दल आम्हाला कोणी शिकवायला नको कारण 2018 मधे पूर्ण राज्यात आमच्याच सीटचं नाव होतं. काँग्रेसचे प्रवीण पाठक भाजपच्या नारायणसिंह कुशवाहांच्या पुढे गेले ते फक्त 121 मतांनी, आणि माजी महापौर समीक्षा गुप्ता भाजपमधून बंड करून अपक्ष उभ्या होत्या, त्यांना 30 हजारांच्या वर मतं मिळाली. झालं! दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या तोंडी हेच की त्यांनी मतं कापली. आमच्या घरी तर मेव्हण्याशी यावरून असं भांडण झालं की तो चहा न घेता उठून गेला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की बाबा, ती मतं कोणाच्या खिशातून कापली? ज्या 30 हजार लोकांनी रांगेत उभं राहून तिसरं बटण दाबलं ती मतं त्यांची होती की आधीपासून कोणा पक्षाच्या नावावर रजिस्ट्री झालेली होती? आणि नोटाची मतंसुद्धा त्या 121 पेक्षा जास्त होती, मग नोटालाही वोटकटवा म्हणा.

दुसरं ते ठरलेलं वाक्य, ‘मत वाया जाईल’. इथे मला हसू येतं. 2018 ला काँग्रेसच्या 114 आणि भाजपच्या 109 जागा आल्या, बहुमताला 116 लागतात, म्हणजे कमलनाथांचं सरकार उभं राहिलं ते बसपाचे 2, सपाचा 1 आणि 4 अपक्ष अशा सात ‘वाया गेलेल्या’ लोकांच्या खांद्यावर. काँग्रेसचे 114 आणि हे सात, बेरीज करून बघा, 121 येते, आमच्या सीटचा आकडा. (योगायोग, पण मी तो सगळ्यांना सांगत असतो.)

आणि वाया न जाणाऱ्या मताचं काय झालं ते पण ऐका. मार्च 2020 मधे काँग्रेसच्या 22 विधायकांनी राजीनामे दिले, सरकार पडलं. विधायक म्हणजे तुमच्या भाषेत आमदार, आमच्या तोंडात तोच शब्द बसलाय, माफ करा. शेजारच्या ग्वाल्हेर पूर्वमधे 2018 ला काँग्रेसचे मुन्नालाल गोयल विरुद्ध भाजपचे सतीश सिकरवार अशी लढत होती आणि गोयल निवडून आले होते. नोव्हेंबर 2020 च्या पोटनिवडणुकीत तेच दोघं पुन्हा समोरासमोर, फक्त आता गोयल भाजपमधे आणि सिकरवार काँग्रेसमधे, आणि जिंकले सिकरवार. माझी बहीण तिकडेच राहते. ती बिचारी म्हणाली की दादा, मी माणसाला मत द्यायचं का चिन्हाला, दोन्ही उलटसुलट झालंय. ज्यांनी ‘मत वाया जायला नको’ म्हणून दोनपैकी एकच बटण दाबलं त्यांचं मत कुठे गेलं, हे तुमच्या लेखकाने एकदा तिला समजावून द्यावं.

बरं, इथला माणूस दोन्ही पक्ष सोडून मत देतच नाही असंही नाही. 1996 मधे ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले माधवराव शिंदे काँग्रेस सोडून स्वतःच्या मध्य प्रदेश विकास काँग्रेसकडून उभे राहिले तेव्हा याच ग्वाल्हेरने त्यांना लोकसभेत पाठवलं. तुम्ही म्हणाल महाराजांची गोष्ट वेगळी, आणि ते खरंच आहे. पण मग रतलाम जिल्ह्यातलं सैलाना घ्या. 2023 मधे भाजपच्या 163, काँग्रेसच्या 66, आणि उरलेली एक जागा तिथून भारत आदिवासी पार्टीच्या कमलेश्वर डोडियारांनी काढली, 4,618 मतांनी, आणि हा माणूस विधायक झाल्यावर मोटरसायकलवरून भोपाळला गेला. त्याला कोणी वोटकटवा म्हणत नाही, कारण जिंकला. म्हणजे हरलास तर वोटकटवा, जिंकलास तर जननायक, असा हिशोब आहे का?

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा एमपी ऑनलाइनचं कियोस्क, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणारं केंद्र, चालवतो. बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचे फॉर्म आले तेव्हा अर्ध्या गल्लीतल्या बायकांची समग्र आयडीची (सरकारी योजनांसाठीचा इथला ओळख नंबर) केवायसी त्यानेच करून दिली, माझ्या पेन्शनचं जीवन प्रमाणपत्रही तोच करतो. तो आता एका छोट्या पक्षात गेलाय आणि 2028 ला विधानसभा लढायची म्हणतोय. मी त्याला सरळ म्हटलं की तू सारखा नाली आणि सीवरबद्दल बोलतोस, ते पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं काम आहे, विधानसभेत बजेटवर काय बोलशील ते आधी सांग. त्याने डोकं खाजवलं. त्याचं अजून कच्चंच आहे, उगाच कौतुक करत नाही. आणि अशा पक्षांचा दोषही आहेच, चार महिने आधी उगवतात, भोंगा लावून फिरतात, निकाल लागला की पाच वर्षं ऑफिसला कुलूप.

पण त्याच्यासाठी नियम बघा कसे आहेत. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला फॉर्मवर एक प्रस्तावक (तुमच्याकडचा सूचक, नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, याला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. डिपॉझिट 10,000 रुपये, वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर जप्त. मशीनवर मान्यताप्राप्त पक्षांची नावं वर, हे त्यांच्या खाली, आणि अपक्ष तर सगळ्यात खाली. अपक्षाला चिन्हसुद्धा माघारीची तारीख गेल्यावर मिळतं. 2023 मधे माघार 2 नोव्हेंबरला आणि मतदान 17 ला, शेवटचे दोन दिवस प्रचार बंद, मधे दिवाळी. उरले तेरा दिवस, त्यात लोकांना प्रेशर कुकर नाहीतर शिट्टी आपलं चिन्ह आहे हे घरोघरी जाऊन सांगायचं, आणि लोक करंज्या-चकल्यांत. समोरच्याचं कमळ आणि पंजा लहान मुलाला पण माहीत.

एवढं करून तो उभा राहिला तर पेपरात काय येणार? दोघांचे फोटो, दोघांच्या मुलाखती, आणि निकालाच्या तक्त्यात शेवटी ‘इतर’. तर माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या निवडणुकीत निदान शपथपत्रातलं शिक्षण, मालमत्ता, गुन्हे सगळ्यांचं छापा, इतरांचं पण नाव घेऊन छापा. आणि ते जे मुद्दाम एकाच नावाचे तीन-तीन उमेदवार उभे केले जातात, ते कोण करवतं हे पण शोधा. खरे वोटकटवे तिथे सापडतील.

त्या मुलाने आत्तापासून वहीत प्रस्तावकांची नावं लिहायला घेतलीत. परवा दाखवली, सात झालेत. सातवं माझं आहे. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक
लश्कर, ग्वाल्हेर