वसंतास पत्र: आईची हाडे आणि हिवतापाची गोळी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही याची खंत होतीच. पण आज लिहायला बसलो ते घरात असे काही चालले आहे म्हणून, की ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही. आमच्या प्रकृती ठीक. माझा रक्तदाब आटोक्यात आहे.

प्रश्न आईचा आहे. मनगटाचे प्लास्टर निघाले, पण नंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्यांचा टी-स्कोअर उणे 3.2 आला, उणे 2.5 पासूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, धरतात, हे तुला सांगायला नको. उंचीही कमी झाली आहे. फडताळाच्या ज्या फळीवरून ती मेतकुटाची बरणी सहज काढत असे, तिथे आता टाचा उंचावूनही बोटे जेमतेम बरणीच्या बुडाला लागतात, आणि बरणी खालच्या फळीवर ठेवू म्हटले तर तिला राग येतो. हाडांची झीज रोखणारी अॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे: उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही की चहा घ्यायचा नाही. गोळीचे तिला काही नाही, चहावाचूनचा तो अर्धा तास मात्र फार जड जातो.

अशात प्रमोदच्या वाचनात आले की हिवतापाच्या जुन्या औषधाने हाडांची झीज थांबते. लगेच तो हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या पट्ट्या घेऊन आला आणि आठवड्याची गोळी बंद करून ही सुरू करावी असा हट्ट धरून बसला आहे. पंचवटीतल्या तुझ्या खोलीवरचा वाद आठवला. नव्या रेणूमागे धावण्याआधी कपाटातली जुनी औषधे नव्या रोगांसाठी तपासावीत, असे तू म्हणायचास. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, असे मी म्हणायचो. त्या वादात मिसळ गार झाली आणि पैसे मी भरले. ते अजून तुझ्याकडून येणे आहे.

प्रमोदने वाचले ते खोटे नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2014 साली दाखवले की हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होऊ नयेत म्हणून टीआरएएफ-3 नावाचे प्रथिन लगाम धरून असते. रँकएल हा संकेत मिळाला की ते प्रथिन पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांत, म्हणजे लायसोसोममध्ये, नष्ट होते आणि लगाम सुटतो. क्लोरोक्विन, म्हणजे प्रमोदने आणलेल्या औषधाचा सख्खा भाऊ, त्याच पिशव्यांत साठून तिथली आम्लता घटवते, म्हणून प्रथिन टिकते. अंडाशय काढलेल्या उंदरिणींमध्ये, म्हणजे रजोनिवृत्तीसारख्या स्थितीत, हाडांची झीज त्यामुळे रोखली गेली. हिवतापाच्या जंतूतही क्लोरोक्विन त्याच्या आम्लयुक्त अन्नपिशवीतच गोळा होते आणि तिथे हिमोग्लोबिनमधून सुटलेल्या विषारी हीमची विल्हेवाट लागू देत नाही. 1934 साली घडवलेल्या रेणूचा तोच गुण हाडांच्याही कामी यावा, हे वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो. वसंता, तुझे म्हणणे इतके देखणे खरे ठरलेले मी आजवर पाहिले नव्हते.

पण उंदरीण म्हणजे आई नव्हे. लायसोसोम फक्त हाडांत नसतात. ते औषध सगळ्या शरीरात जाते, आठवडेच्या आठवडे रेंगाळते, दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटल बिघडवू शकते आणि हृदयाच्या ठोक्यांतही गडबड करू शकते. ल्युपस आणि आमवाताचे रुग्ण ते वर्षानुवर्षे घेतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि डोळे तपासत. आईच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, आणि मोतीबिंदू निघाल्यापासून ती रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचते. ती नजर मी पणाला लावू का? अॅलेंड्रोनेट ज्या गटातले, त्या हाडाला चिकटणाऱ्या बिस्फॉस्फोनेटला हा रेणू जोडून तो थेट हाडापर्यंत न्यावा, ही कल्पना मला पटते. तसे औषध माणसांवरील चाचण्यांत उतरले तर आईसाठी ते मागणारा पहिला मीच असेन. तोवर, अॅलेंड्रोनेटने अस्थिभंग कमी होतात हे हजारो स्त्रियांवर तपासले गेले असताना ती गोळी का सोडायची?

2020 मध्ये हेच हायड्रॉक्सीक्लोरोक्विन करोनावरचा उपाय म्हणून दुकानांतून नाहीसे झाले आणि रोजच्या रुग्णांना ते शोधत फिरावे लागले. त्याच जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्याचा करोनावर उपयोग दिसला नाही. हे मी प्रमोदला सांगितले, तर तो म्हणाला, ‘तू आधीपासूनच विरोधात.’ माझे तो ऐकणार नाही. तुझे ऐकेल, कारण या कल्पनेची बाजू तू तिच्या पडत्या काळातही सोडली नव्हतीस. तू सांगितलेस की आशा खरी आहे पण पट्टी फोडू नकोस, तर तो मानेल.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? मुक्ताला बारावीसाठी शुभेच्छा कळव. येत्या रविवारी प्रमोद इथेच आहे. संध्याकाळी फोन कर आणि आधी आईशी बोल, तिलाही तुझ्याकडूनच ऐकायचे आहे.

तुझा,
माधव