खरखरीसकट ऐक

मिलवॉकी
रविवार, दुपार

प्रिय शिरीष,

तुझा निरोप मिळाला. "गाणं कमी आणि भजी तळल्याचा आवाजच जास्त" हा तुझा अभिप्राय घरात मोठ्याने वाचून दाखवला. मिसिसिपीच्या चार्ली पॅटनचं ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकगाणं, तुला मुद्दामच पाठवलं होतं. बालगंधर्वांच्या झिजलेल्या तबकड्या मिटक्या मारत ऐकणारा माणूस, आणि तू खरखरीची तक्रार करावीस?

पण तक्रार खोटी नाही. ती खरखर कुठली, ते सांगतो. मी राहतो तिथून अर्ध्या तासावर ग्राफ्टन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे नदीकाठी एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा तबकड्या छापायचा कारखाना होता. कंपनी ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायची. कपाटं खपायची तर लोकांकडे वाजवायला काहीतरी हवं, म्हणून तिने 'पॅरामाउंट' या नावाने तबकड्या काढल्या. गाण्याशी मालकांचा संबंध एवढाच. १९२२ पासून त्यांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिका चालवली आणि स्वस्तात माल काढायचा म्हणून घटिया मिश्रण वापरलं. म्हणजे नवीकोरी असतानाही पॅरामाउंटची तबकडी खरखरतच होती. त्या काळच्या तबकड्यांना लागणारी लाख बहुतेक आपल्याकडूनच यायची, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरची. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतलं गाणं आपल्या झाडांवरच्या किड्याच्या लाखेत कोरलं गेलं, हे कळल्यापासून ती खरखर मला थोडी घरची वाटते.

पॅटन, सन हाउस, विली ब्राउन, स्किप जेम्स हे सगळे ब्लूज गाणारे ग्राफ्टनला येऊन गायले. बहुतेक १९२९ ते १९३१ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत. पोटाला मिळायची मारामार, तिथे पाऊण डॉलरची तबकडी घेणार कोण? अगदी थोड्या प्रती विकल्या गेल्या. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला आणि धातूचे मूळ साचे भंगारात विकले. चिडलेल्या कामगारांनी तबकड्या नदीत भिरकावल्या, अशीही गोष्ट सांगतात. पाणबुडे उतरवून शोध झाला, हाती काही लागलं नाही. वर दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून दळल्या गेल्या. तेव्हा तू ऐकलंस ते कुणाच्या तरी घरी शेकडो वेळा पोलादी सुईखाली गेलेल्या एखाद्या उरल्यासुरल्या प्रतीवरून घेतलेलं आहे. स्वच्छ मूळ कुठे दडवून ठेवलेलं नाही.

या प्रती वाचवल्या त्या संग्राहकांनी. मेरीलँडचा जो बुसार्ड गाडी घेऊन दक्षिणेतल्या वस्त्यांत दारोदार विचारत फिरायचा, जुन्या तबकड्या आहेत का म्हणून. पंधरा हजारांच्या आसपास जमवल्या त्याने. २०२२ मध्ये गेला. या लोकांचे उपकार आहेतच. पण माझं एक भांडणही आहे त्यांच्याशी. त्यांनी दुर्मिळ ते थोर, असा हिशेब रूढ केला. विली ब्राउनची एक तबकडी, क्रमांक १३०९९, आजवर कुणाच्याही हाती लागलेली नाही. जॉन टेफ्टेलर या व्यापाऱ्याने तिच्यावर पंचवीस हजार डॉलरचं बक्षीस लावलं. सापडली तर ऐकायला मीही धावेन. पण न ऐकलेल्या गाण्याला लोक उत्कृष्ट कसे म्हणतात, हे मला कळत नाही. त्याच काळात लेरॉय कार पियानोवर बसून शांतपणे गात होता. त्याचं १९२८ चं 'हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज' घरोघरी वाजलं. ज्यांच्यासाठी ही गाणी होती त्यांनी कारला आणि बेसी स्मिथ या गायिकेला डोक्यावर घेतलं. नंतरच्या गोऱ्या संग्राहकांना मात्र एकटा, उदास, गिटार घेऊन धुळीच्या रस्त्याने चाललेला माणूस हवा होता. जे घरोघरी सापडतं त्याचं कौतुक कोण करणार? आपल्याकडच्या चोरबाजारातल्या चर्चा आठव, फार फरक नाही.

तू आता पॅटनला बाजूला ठेव आणि मिसिसिपी जॉन हर्ट ऐक. १९२८ मध्ये ओके कंपनीसाठी तो मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला गायला. अंगठा खर्जाचा ठेका धरून असतो, बाकीची बोटं वर सूर गुणगुणतात, आणि गळा असा की शेजारी बसून बोलतोय. तबकड्या खपल्या नाहीत, हर्ट गावी परत गेला आणि पस्तीस वर्षं शेतीत राबला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने 'फोकवेज' कंपनीसाठी चौऱ्याऐंशी जुन्या गाण्यांचा संच काढला, त्यात हर्टची दोन गाणी होती. कोवळी पोरं ती ऐकून वेडी झाली. गाणारा मेला असेल असंच सगळे धरून चालले होते. न्यूयॉर्कला घरच्या आठवणीने त्याने 'ॲव्हलॉन ब्लूज' गायलं होतं, आणि त्यात गावाचं नाव स्वच्छ सांगितलं होतं! टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने जुन्या नकाशात ॲव्हलॉन शोधलं आणि १९६३ मध्ये थेट तिथे जाऊन दार ठोठावलं. हर्टला वाटलं, सरकारी पोलीस आले. त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो हजारोंसमोर गायला. पुढची तीन वर्षं मिळाली त्याला, १९६६ मध्ये गेला. तेव्हाची मुद्रणं स्वच्छ आहेत. आधी १९२८ चं ऐक, मग १९६३ नंतरचं. पुन्हा १९२८ वर आलास की खरखर मागे सरलेली असेल. सगळ्यांचं असं झालं नाही हो. पुढच्या वर्षी सन हाउस रोचेस्टरला सापडला, पण वाजवायचंच विसरला होता. त्याचीच जुनी गाणी त्याला अल विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने पुन्हा शिकवली.

आता तुझ्या कामाचं. पॅटनचे सगळे ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरून उतरवून घेतलेल्या नकला, सारखे नसतात. खरखर काढतो म्हणून काही जण वरचे सूर असे घासतात की तारेवरचा नखाचा आघातच जातो. तसलं घेऊ नकोस. एकच गाणं तीन-चार ठिकाणचं काढून एकामागून एक ऐक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बराच्या ग्रंथालयाने जुन्या ध्वनिमुद्रणांची मोठी सूची जालावर ठेवली आहे. मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाच्या साच्याचा), टेक (कितव्यांदा गायलेलं), तारीख, गाव, सगळं मिळतं. तुझ्या वहीपेक्षा ती नीटनेटकी आहे, राग मानू नकोस. आणि हेडफोन काढून ठेव. मूळ ध्वनी मोनो आहे, एकाच स्पीकरवर, जरा लांबून ऐक. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा वेगही धर्मशास्त्र समजू नकोस, फिरकी थोडी चुकली की माणसाचा गळाच बदलतो. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या तबकड्यांच्या वेगावरून अजून हाणामाऱ्या चालू आहेत, त्यात पडायची माझी इच्छा नाही.

लोककथेसारखी वाटेल पण खरी गोष्ट: १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर आंधळ्या विली जॉन्सनचं १९२७ चं गाणं आहे. शब्द नाहीतच, नुसतं हुंकारणं आणि तारेवर सरकणारी गिटार. आणि त्याच तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. ती रेकॉर्ड मिळता मिळत नव्हती. यानावरच्या तबकडीसाठी गाणी जमवणारी ॲन ड्रुयान शोधत न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात पोचली, तेव्हा मागे एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती निघाल्या. म्हणजे सांगलीत तू करतोस तेच.

म्हणून विचारतो, केसरबाईंची ती भैरवी तुझ्याकडे आहे ना? तिच्या लेबलाजवळचा क्रमांक भिंगातून बघून कळव, आणि जमलं तर लेबलाचा फोटो पाठव. माझ्याकडच्या सीडीवर काहीच तपशील दिलेला नाही. वहिनींना नमस्कार. आणि लेरॉय कार ऐकलास की लगेच लिही, रात्री दहानंतर ऐक.

तुझा,
विजू